तळमजल्यावर गटाराचं पाणी आलं होतं: ब्लीच, फिनाईल, डेटॉल कुठे आणि किती?

तळमजला_परळ:
हिंदमाताजवळ चाळीत तळमजल्याची खोली आहे, १० बाय १२ ची, आत मोरी. गटार उलटून पाणी आत आलं, घोट्याच्या वर. आता ओसरलंय. लादीवर काळा गाळ आणि कुजका वास उरलाय. घरात सध्या एवढं आहे: ब्लीचची नवी बाटली (लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट ४%), दारावर येणाऱ्याकडून घेतलेलं पांढरं फिनाईल (लेबल नाही, कोल्ड्रिंकच्या बाटलीत), निळ्या बाटलीतलं टॉयलेट क्लीनर, डेटॉल, सॅवलॉन आणि बीटाडीन. लादी आणि मोरीला काय, किती पाण्यात? भांड्यांना काय? कडप्प्याच्या ओट्याला काय चालेल? घरात दोन वर्षांची मुलगी आणि एक मांजर आहे. गाळ काढताना भावाच्या पायाला पत्रा लागलाय, त्यावर काय लावायचं तेही सांगा.

जुनी_चाळ:
इतका विचार करू नका हो. एका बादली गरम पाण्यात दोन बुचं ब्लीच, दोन बुचं फिनाईल, वरून थोडं टॉयलेट क्लीनर. खराट्याने घासा. उग्र वास आला की समजायचं काम होतंय.

हायपो_सायन:
वरचा उपाय कृपया कोणीही करू नका. हा वास जंतू मरण्याचा नाही, क्लोरीन वायूचा आहे. निळ्या बाटलीतलं टॉयलेट क्लीनर म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल, साधारण १० टक्के. हायपोक्लोराइटमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन लगेच सुटतो. तो हवेच्या जवळपास अडीचपट जड असतो, त्यामुळे वर न जाता लादीलगत साचतो, आणि खाली वाकून घासणाऱ्याच्या थेट नाकात जातो. तळमजल्याची मोरी, एकच खिडकी, बाहेर पाऊस म्हणून तीही लावलेली: याहून वाईट जागा नाही. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक आम्ल यांनीही हेच होतं, थोडं हळू इतकंच.

गरम पाणीही नको. गरम पाण्यात हायपोक्लोराइट लवकर फुटतं, जोर जातो आणि वाफ छातीत जाते. ब्लीचला नेहमी नळाचं थंड पाणी.

फिनाईल आणि ब्लीचही एकत्र करू नका, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, औषधी वासाचं घाणेरडं मिश्रण उरतं आणि दोन्हींचे पैसे वाया. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावणात ब्लीच पडलं तर क्लोरामाइन सुटतं, तेही डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट. संडासाच्या भांड्यात लघवी साचलेली असताना ब्लीच ओतलं की जो तिखट वास येतो तो हाच. म्हणून आधी भरपूर पाणी, मग ब्लीच.

मिश्रण झालंच आणि घशात चुरचुरलं, ठसका लागला, तर बादली उचलायला थांबू नका. माणसं बाहेर, दार उघडं, मुलांना आधी काढा. तिथे वाकू नका, बसू नका. कापडी मास्क किंवा एन-९५ वायू अडवत नाही, ते धुळीसाठी असतात. अर्ध्या तासाने वास गेल्यावर आत जाऊन लांबूनच भरपूर पाणी ओता. खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल तर रुग्णालय गाठा. क्लोरीनचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

आता तुमच्या कामाकडे. सगळ्यात आधी मेन स्विच बंद. भिंतीतले खालचे सॉकेट ओले झाले असतील तर इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत फ्रिज, मिक्सर, मोटार काहीही लावू नका. मग गाळ. हातात रबरी मोजे, पायात गमबूट किंवा निदान बंद बूट. गाळ फावड्याने किंवा पत्र्याच्या सुपलीने कोरडाच उपसायचा, गोणीत भरायचा. पाण्याचा मारा करून तो भिंतीच्या कडेला ढकलू नका, कोपऱ्यात बसतो आणि पुढे महिनाभर वास मारतो. गाळ गेल्यावर साबणाचं पाणी किंवा कपडे धुवायची पावडर आणि ताठ खराटा. मग साध्या पाण्याने दोनदा धुवा. ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि मग ब्लीच कामच करत नाही असं म्हणतात. ब्लीचमधल्या क्लोरीनला घाण आणि जंतू यांतला फरक कळत नाही. चिखल, तेल, अन्नाचे कण यांच्यावरच तो खर्ची पडतो.

लादी दिसायला स्वच्छ झाली की मग ०.१ टक्के द्रावण. हिशोब असा: हवी ती टक्केवारी गुणिले एकूण मिली भागिले बाटलीवरची टक्केवारी. तुमच्या ४ टक्क्यांच्या ब्लीचसाठी १० लिटरच्या बादलीत २५० मिली. बाटली ५ टक्क्यांची असती तर २०० मिली. बुचाने मोजू नका, प्रत्येक बाटलीचं बूच वेगळं असतं. औषधाचं मापाचं भांडं नाहीतर पाव लिटर पाण्याची बाटली वापरा आणि ती नंतर याच कामाला ठेवा, तिच्यावर मार्करने लिहून. पाणी आधी, ब्लीच नंतर, म्हणजे तोंडावर उडत नाही.

हे लादीवर पसरून १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. पंखा फुल केला तर पाचच मिनिटांत वाळतं आणि उपयोग अर्धा होतो. पंखा त्या वेळात बंद, खिडकी-दार मात्र उघडं. कोरडं पडलं तर पुन्हा ओलं करा. १० बाय १२ च्या खोलीला साधारण सव्वा बादली लागेल. फडकं ज्या पाण्यात पिळता तेच पाणी परत लादीवर नको. पिळायला वेगळी बादली ठेवा आणि द्रावण गढूळ झालं की फेकून नवं करा. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्या, घरात लहान मूल आहे म्हणून हे सोडू नका.

लोखंडी कपाटाचे पाय, दाराची बिजागरी, गॅसची शेगडी यांवर ब्लीच उडालं तर लगेच धुवा. स्टीलवरही बारीक खड्डे पडतात. ॲल्युमिनियमची बादली किंवा पातेलं या कामाला अजिबात नको.

जुनी_चाळ:
म्हणजे ब्लीच जास्त घातलं तर काय बिघडतं? नाला घरात आलाय, जरा कडकच बरं ना.

हायपो_सायन:
बिघडतं. पाचपट केलं तरी वेळ तेवढाच द्यावा लागतो, लादीचे सांधे खडबडीत होतात आणि काम करणाऱ्याचा घसा धरतो. ०.५ टक्के हे रक्त सांडलं किंवा एका ठिकाणी मैला साठून राहिला तर, तेवढ्याच भागासाठी. तुमच्या बाटलीचं १२५ मिली आणि पाणी ८७५ मिली, म्हणजे एक लिटर. मोरीच्या तोंडाशी वापरायचं असेल तर वापरा, सगळ्या घराला नको.

पाण्यात कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्यात भरवसा धरण्यासारखं काही उरत नाही. मूळ बाटलीसुद्धा आपल्या हवेत टिकत नाही, उकाड्याने आणि उन्हाने उतरत जाते. उत्पादनाची तारीख बघून घ्या, अंधाऱ्या जागी ठेवा, तीन-चार महिन्यांत संपवा. आणि फवारू नका. पिचकारीच्या बाटलीतून ब्लीच मारलं की त्याचे बारीक थेंब छातीत जातात, आणि पृष्ठभाग ठिपक्या-ठिपक्यांनीच ओला होतो.

ओटा_आणि_भांडी:
कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. त्यावर टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड पडलं की बारीक फेस येतो, तो दगड विरघळत असल्याचा. चकाकी गेली की परत येत नाही आणि खडबडीत जागी तेल-हळद कायमची बसते. कोटा, मार्बल यांचंही तेच. ग्रॅनाइट तगतो, पण सांध्यातलं सिमेंट जातं. तेव्हा ओट्याला आधी साबण, मग धुणं, मग ०.१ टक्के ब्लीच दहा मिनिटं, मग दोनदा साधं पाणी. कणीक मळायची जागा असेल तर दुसरं धुणं घाईत उरकू नका.

भांड्यांना फिनाईल, डेटॉल, लादी पुसायचं औषध यांतलं काही नको. आधी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. मग स्टीलची भांडी मोठ्या पातेल्यात उकळा, हा सगळ्यात सोपा आणि खात्रीचा मार्ग. जे उकळता येत नाही (प्लॅस्टिकचे डबे, काचेच्या बरण्या) त्याला ०.०२ टक्के, म्हणजे तुमच्या बाटलीचं फक्त ५ मिली एक लिटर पाण्यात. पाच मिनिटं बुडवून ठेवायचं, मग धुऊन पालथं घालायचं. फडक्याने पुसू नका, हवेवर वाळू द्या.

लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी चमचे गटाराच्या पाण्यात भिजले असतील तर टाका. लाकूड पाणी आत ओढतं, ब्लीच तिथवर पोचत नाही. पोळपाट पन्नास-शंभर रुपयांसाठी जपू नका. तांदूळ, पीठ, डाळी, मसाले, ज्यांच्या पिशवीला किंवा डब्याला पाणी लागलं ते सगळं टाका. आट्याचं पाकीट बाहेरून पुसून ठेवायचा मोह होतो, पण शिवणीतून पाणी शिरलेलं असतं. खाण्याचं काही भरलेल्या, स्क्रूच्या झाकणाच्या बाटल्याही टाका, झाकणाच्या खाचांमध्ये गाळ अडकतो. न फुगलेला, न गंजलेला सीलबंद पत्र्याचा डबा असेल तर लेबल सोडवा, साबणाने धुवा, ब्लीचच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. गोळ्या-औषधांच्या पाकिटांना पाणी लागलं असेल तर तीही टाका.

भाजीबद्दल कोणी विचारण्याआधीच: भाजी-फळं वाहत्या पिण्याच्या पाण्याने चोळून धुवायची. साबण, डेटॉल, फिनाईल भाजीला लावायचं नाही, सालीतून आत शिरतं आणि पोटात जातं.

परिचारिका_नायगाव:
भावाच्या पायाचं आधी. वाहत्या नळाखाली साबणाने पाच-दहा मिनिटं धुवा. चिखलाचे कण दिसत असतील तर तेही धारेनेच काढा, टोकरू नका. जखमेला खरा फायदा इथेच होतो. मग बीटाडीन, ते दोन मिनिटं वाळू द्या आणि वर कोरडी पट्टी. थायरॉइडचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा तान्हं बाळ असेल तर बीटाडीन डॉक्टरांना विचारून.

हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. फेस आला की बरं वाटतं, पण जंतूंबरोबर भरून येणारी त्वचाही जळते. खोल जखमेत तर ते घालायचंच नाही. नुसतं डेटॉलही नाही. वापरायचं तर २० भागात १, म्हणजे ५ मिली डेटॉल आणि ९५ मिली पाणी, आणि त्याची ओली पट्टी बांधून ठेवायची नाही. रात्रभर ओली राहिली तर कातडी भाजल्यासारखी होते, हे बऱ्यापैकी दिसतं.

डेटॉल आणि सॅवलॉन एकत्र करू नका. डेटॉल एरंडेलाच्या साबणात बसवलेलं असतं, सॅवलॉनमधलं सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्सिडीन साबणाशी विरुद्ध विद्युतभाराचं. दोन्ही मिसळले की एकमेकांना बाद करतात. त्याच कारणाने साबणाने हात धुतल्यावर साबण पूर्ण जाऊ द्या, मगच सॅवलॉन. कानात आणि डोळ्यात सॅवलॉन जाऊ देऊ नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडीनमुळे ऐकू येणं जाऊ शकतं. आणखी एक, सॅवलॉन सांडलेला कपडा ब्लीचमध्ये टाकला तर तपकिरी डाग पडतात, ते निघत नाहीत.

पत्रा लागलाय, वर गटाराचं पाणी, म्हणजे जखम मळकी धरायची. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या पाच वर्षांत झालं नसेल तर आजच घ्या. आणि जो जो त्या पाण्यातून चालला त्याने ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावं. मुंबईत पावसाळ्यात लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) औषध प्रतिबंध म्हणून देतात, महापालिकेचे दवाखाने आणि आरोग्य केंद्रं याच कामासाठी उघडी असतात. मोठ्यांना सहसा डॉक्सिसायक्लिन, पण गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना वेगळं औषध असतं, म्हणून गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नका. लेप्टोचे जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटल्यातून आत शिरतात. आंघोळीच्या पाण्यात डेटॉल टाकून ते आत शिरलेले परत येत नाहीत. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांतलं काही झालं तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा. तुम्ही परळला आहात, के.ई.एम. जवळच आहे.

मुलीच्या आंघोळीच्या पाण्यात काहीही टाकू नका. साधा साबण पुरेसा आहे, डेटॉलने लहान मुलांची कातडी कोरडी पडून खाजते.

तळमजला_परळ:
खूप मदत झाली. भाऊ इंजेक्शन घेऊन आला. दोन शंका. एक, बिनलेबलचं फिनाईल वापरू का? दोन, खालची भिंत हातभर ओली आहे आणि आत्ताच कोपऱ्यात काळे ठिपके दिसतायत. आणि मांजर?

हायपो_सायन:
बिनलेबलचं फिनाईल घरात ठेवू नका. किती तीव्र आहे माहीत नाही, म्हणजे किती पाणी घालायचं तेही माहीत नाही. त्याहून मोठा धोका बाटलीचा. पांढरं फिनाईल पाण्यात टाकलं की ताकासारखं दिसतं, आणि ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत. दोन वर्षांच्या मुलाला लेबल वाचता येत नाही, बाटलीचा आकार मात्र ओळखता येतो. पाइन तेलाचं फिनाईल पोटात गेलं तर उलटी काढायची नाही. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. ॲसिड आणि ब्लीचलाही तोच नियम, कारण जाताना जळलेला घसा येताना पुन्हा जळतो. मिठाचं पाणी, कच्चं अंडं, लिंबू, काही नाही. तोंड धुवा, मूल शुद्धीत असेल तर दोन घोट पाणी, बाटली सोबत घ्या आणि निघा. दिल्लीच्या एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७ आहे, रुग्णवाहिकेला १०८. डोळ्यात उडालं तर आधी वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं, डोळा उघडा धरून. दवाखाना त्यानंतर.

सुट्टं ॲसिडही तसंच. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने उघड्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी पाण्याच्या बाटलीत भरलेलं मिळतंच. घरात आधीच असेल तर निदान मोठ्या अक्षरात नाव लिहून वरच्या फळीवर, ब्लीचपासून लांब. एकाच मोरीखाली दोन्ही ठेवले आणि एखादी बाटली गळली, तर मिश्रण करायला माणूसच लागतो असं नाही. ब्लीच मूळ बाटलीतच ठेवा. हवा कोंडणाऱ्या झाकणाच्या बाटलीत ती फुगते.

लादीला रोजच्यासाठी काही हवंच असेल तर लेबल असलेलं, बेंझाल्कोनियम क्लोराइडचं द्रावण घ्या आणि लेबलवरच्या प्रमाणातच घाला. मात्र कपड्यांच्या पावडरने पुसल्यावर लादी साध्या पाण्याने धुतली नाही तर तेही सॅवलॉनसारखंच साबणाने बाद होतं. बऱ्याच घरांत नुसता सुगंध पुसला जातो तो याचमुळे.

भिंत_आणि_बुरशी:
काळे ठिपके म्हणजे बुरशी. ओल्या भिंतीवर एक-दोन दिवसांतच धरायला लागते. इथे ब्लीचवर फार विसंबू नका. गिलाव्यातून पाणी आत जातं, क्लोरीन वरच संपतो, वरचा काळा रंग उडतो आणि आठवड्याने तिथेच परत येते. साबणाच्या पाण्याने घासा, सैल झालेला डिस्टेंपर खरवडून काढा, मग फक्त वाळवणं. इलेक्ट्रिशियनने हिरवा कंदील दिला की पंखा भिंतीकडे तोंड करून रात्रंदिवस. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. भिंतीला हात लावल्यावर थंड लागायची थांबेपर्यंत रंग नको. पावसाळ्यात घाईने मारलेला ऑइलपेंट दिवाळीपर्यंत फुगून पापुद्रे सोडतो. कोरडं खरवडताना एन-९५ लावा, इथे मात्र तो खरंच उपयोगी पडतो.

भिजलेली कापसाची गादी टाका, कितीही जीव तुटला तरी. उशा, स्पंजचा सोफाही. सुती पांढरे कपडे ब्लीचमध्ये चालतात. रंगीत कपडे गरम पाणी, साबण आणि ऊन (पडेल तेव्हा). रेशीम आणि लोकर ब्लीचजवळ नेऊ नका. डाग पडणं सोडा, धागाच विरघळतो.

पशुवैद्य_गोरेगाव:
मांजरासाठी फिनाईल आणि डेटॉल दोन्ही वाईट. फिनॉलच्या जातीची रसायनं पचवून बाहेर टाकायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच कमकुवत असते. ती ओल्या लादीवरून चालते, मग पंजे चाटते. बेंझाल्कोनियमच्या लादीवरून चालून जिभेवर फोड आलेली मांजरं पावसाळ्यात नेहमी येतात. लादी ओली असेपर्यंत तिला बाहेर किंवा पेटीत ठेवा. साध्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळल्यावरच आत. ०.१ टक्के ब्लीच धुऊन वाळल्यावर तिला त्रास देत नाही, म्हणून तुमच्या घरी तेच बरं. तोंडातून लाळ गळणं, खाणं सोडणं, जीभ लाल दिसणं, यांतलं काही दिसलं तर पंजे कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा आणि घेऊन या. चिखलात बरबटली असेल तर आत्ताच साध्या पाण्याने धुवा, तिला डेटॉलची आंघोळ घालू नका.

टाकी_मुलुंड:
चाळीला जमिनीखालची टाकी असेल तर तिचं काय केलं? खोली लख्ख करून त्याच टाकीचं पाणी प्यायलात तर काही उपयोग नाही. झाकणावरून गटाराचं पाणी गेलं असेल तर ते सगळं उपसा, आतून घासा, गाळ काढा. टाकीत उतरणारा एकटा नको, वर एक माणूस हवाच, आणि झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवा. धुऊन भरल्यावर दर हजार लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर असेल तर १५० ग्रॅम, किंवा ४ टक्क्यांचं द्रव ब्लीच सव्वा लिटर. सुगंध किंवा रंग घातलेलं ब्लीच टाकीला चालत नाही. पावडर टाकीत थेट फेकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी ओता. चोवीस तास तसंच ठेवा, ते पाणी नळांतूनही थोडं सोडा म्हणजे पाइप धुतले जातात. मग सगळं सोडून द्या आणि नवं पाणी भरा. या चोवीस तासांत ते पाणी कोणी पिणार नाही याची नोटीस प्रत्येक मजल्यावर लावा.

ब्लीचिंग पावडरची गोणी गेल्या वर्षीची असेल तर हा हिशोब चालणार नाही. दमट हवेत ती उतरते, हाताला ओलसर ढेकूळ लागली आणि वास मंद असला तर नवी घ्या. गटाराच्या कडेला जी पांढरी रेघ ओढतात तिचा उपयोग दिसण्यापुरताच, चिखलावर पडलेली पावडर चिखलातच संपते.

तळमजला_परळ:
टाकी आहे, झाकण गळकं आहे. आजच सांगतो. तोवर पाणी उकळून पिऊ. उकळी किती वेळ?

टाकी_मुलुंड:
खळखळ उकळी आली की तिथून एक मिनिट. पातेलं झाकून तसंच गार करा आणि ओतून घ्या, आत पेला बुडवू नका. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या आणि चौपदरी फडक्यातून गाळा. नव्याने भरलेल्या टाकीचं पाणी पिण्याआधी क्लोरीन तपासायची गोळी किंवा थेंब मिळतात त्यांनी बघा, नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम दिसायला हवं. आणि झाकणाला रबरी पट्टी लावून घ्या, पुढची मोठी भरती येण्याआधी.